तासावर मिळणारी घरकामाची मदत: ठाण्यातला सात महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी गौरी-गणपती आटोपले आणि आमच्या घरी चौदा वर्षे धुणे-भांडी व केर-लादी करणाऱ्या मावशी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी जालन्याला लेकीकडे गेल्या. घरात ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई, सकाळी आठलाच बाहेर पडणारे मुलगा आणि सून, आणि बँकेच्या नोकरीतून निवृत्त झालेली मी. घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत बदली बाई मिळावी म्हणून मी तीन आठवडे रखवालदारापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना विचारले. कुणाच्या वेळा जुळेनात, तर कुणाला एकाच इमारतीतली चार घरे हवी होती. अखेर सुनेने तासाच्या हिशोबाने घरकामाची मदत पाठवणारे एक ॲप फोनवर घेतले. तेव्हापासूनच्या सात महिन्यांत आम्ही आठवड्यातून तीन-चार वेळा, म्हणजे एकूण शंभराच्या आसपास वेळा ही सेवा वापरली, आणि तिच्याबद्दल सविस्तर लिहावे इतका अनुभव आता गाठीशी आहे.

कंपनीचे नाव मी लिहीत नाही. आमच्या भागात अशा दोन-तीन सेवा चालतात, त्यांची पद्धत जवळजवळ सारखीच आहे आणि मला जे सांगायचे आहे ते एका कंपनीपुरते नाही. मार्च २०२५मध्ये एका मोठ्या कंपनीने पंधरा मिनिटांत घरकामाची बाई पाठवण्याची सेवा मुंबईत सुरू केली, तेव्हा तिच्या नावातल्या ‘मेड’ या शब्दावरून बरीच टीका झाली आणि ते नाव थोड्याच दिवसांत बदलावे लागले. आमच्या ॲपमध्ये येणाऱ्या बाईंना ‘प्रोफेशनल’ म्हणतात. कायदा त्यांना ‘घरेलू कामगार’ म्हणतो, सोसायटीच्या वहीत ‘मेड’ लिहितात, आणि घरात आपण मावशी, ताई किंवा नुसते ‘बाई’ म्हणतो. सात महिन्यांत आमच्याकडे वेगवेगळ्या मिळून तीसेक जणी तरी येऊन गेल्या. मी सगळ्यांना ताई म्हणत होते आणि त्या सगळ्या मला मॅडम म्हणत होत्या. मावशी मला वहिनी म्हणत असत.

आता प्रत्यक्ष सेवेबद्दल. ॲप उघडल्यावर एक तास, दीड तास की दोन तास हे निवडायचे, आत्ता हवे की ठरावीक वेळी हवे ते सांगायचे आणि कामांच्या यादीवर खुणा करायच्या: भांडी, केर काढणे, लादी पुसणे, कपडे वाळत घालणे, भाजी चिरणे, न्हाणीघर स्वच्छ करणे. घासणी, साबण, झाडू, पोछा हे सगळे आपणच द्यायचे. पैसे यूपीआयने आगाऊ भरले की नकाशावर येणारी व्यक्ती दिसू लागते. ‘आत्ता’ म्हटल्यावर साधारण वीस मिनिटांत दारावर कुणीतरी येते; सकाळी साडेसात ते दहा या वेळेत मात्र अर्धा-पाऊण तास धरावा लागतो, आणि सणाच्या आदल्या दिवशी तर जागाच मिळत नाही. दारात आल्यावर ताई चार आकडी ओटीपी विचारतात. तो आकडा त्यांनी आपल्या फोनवर टाकला की घड्याळ सुरू होते, आणि तास भरण्याआधी दहा मिनिटे दोन्ही फोन एकदम वाजतात.

कामाचा दर्जा चांगला आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. शंभर वेळांपैकी तक्रार करावी असे काम मला पाच-सहा वेळांपलीकडे आठवत नाही. बहुतेक जणी प्रशिक्षण घेऊन आलेल्या होत्या. भांडी आधी खरकटे काढून भिजवायची, तेलकट भांडी शेवटी घ्यायची, लादी आतल्या खोलीपासून दाराकडे पुसत यायची हा क्रम बहुतेकींचा सारखा होता. सासूबाईंच्या खोलीत पाणी सांडलेले राहणार नाही याची एकीने मी न सांगता काळजी घेतली आणि पलंगाजवळची लादी कोरड्या फडक्याने पुन्हा पुसली. वेळेवर येणे हा तर या सेवेचा मोठाच गुण. न येण्याचा प्रसंग सात महिन्यांत दोनदाच आला, आणि दोन्ही वेळा पैसे त्याच दिवशी परत मिळाले. तक्रार मराठीत लिहायची सोय मात्र नाही. गप्पांच्या चौकटीत ठरावीक उत्तरे इंग्रजीत किंवा हिंदीत येतात, माणसाशी बोलायला मिळेपर्यंत पंधरा मिनिटे जातात, आणि सासूबाईंच्या वयाच्या माणसाला ही सेवा एकट्याने वापरता येणे जवळजवळ अशक्य आहे.

मला या सेवेतले सर्वांत मोलाचे काय वाटले, तर ते घड्याळ. घरकामाला आपल्याकडे वेळेचे माप कधी नव्हते. ‘एक काम’ म्हणजे काय, हे घराघरावर अवलंबून असायचे. भांड्यांचे काम ठरले की चार माणसांची भांडी असोत की पाहुणे आल्यावर बारा माणसांची, पैसे तेच. ‘जाता जाता तेवढी गॅलरी धुऊन टाका’, ‘तेवढे गहू उन्हात घाला’ हे ‘तेवढे’ कुणाच्याच हिशोबात धरलेले नसे. माझ्याही नव्हते. पहिल्याच आठवड्यात एका ताईंना मी अशीच सवयीने माळ्यावरचा डबा काढून द्यायला सांगितला, तेव्हा त्यांनी अगदी शांतपणे फोन दाखवून म्हटले, “मॅडम, सहा मिनिटं राहिलीत. डबा काढते, पण मग कढई राहील. काय करू?” त्या प्रश्नात उद्धटपणाचा लवलेश नव्हता. त्यांच्या श्रमाची सहा मिनिटे माझ्यासमोर ठेवून त्यांनी मला निवड करायला सांगितली होती, आणि चौदा वर्षांत असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी कढई निवडली आणि डबा संध्याकाळी मुलाने काढला.

घड्याळामुळे मग मी मागचाही हिशोब करून पाहिला. बँकेत आयुष्य गेल्याने तो हात आपोआपच चालला. मावशींना आम्ही तीन कामांचे महिन्याला ४,५०० रुपये देत होतो. त्या रोज दीड तास आमच्याकडे असायच्या, महिन्यातले सत्तावीस दिवस, म्हणजे चाळीस तास. तासाला ११० रुपयांच्या आसपास पडत होते, आणि सोसायटीतल्या दरांच्या मानाने आम्ही कमी देतो असे आम्हाला कधी वाटले नव्हते. ॲपवर सुरुवातीची सवलत संपल्यावर तासाला साधारण २०० रुपये पडतात. मावशींइतकेच तास ॲपवर घेतले तर महिन्याचा खर्च ८,००० रुपयांवर जातो. ज्यांना रोजचे पूर्ण काम करून घ्यायचे आहे त्यांनी हे गणित आधी मांडावे. आमच्यासारखे जे भांडी एक दिवसाआड स्वतः घासू शकतात, किंवा ज्यांना अधूनमधून दोन तासांची मोठी साफसफाई हवी असते, त्यांना ते परवडते.

त्या २०० रुपयांतले ताईंच्या हातात किती पडतात, हे पावतीवर कुठेही लिहिलेले नसते. मी तीन-चार जणींना विचारले. उत्तरे निरनिराळी मिळाली, कारण तासाचा दर, आठवड्याचे ठरावीक तास पूर्ण केल्यावर मिळणारा इन्सेन्टिव्ह, रविवारचा वाढीव भाव आणि रद्द झालेल्या बुकिंगची कपात असे सगळे मिसळून रक्कम ठरते आणि तिचे नियम महिन्या-दोन महिन्यांनी बदलतात. महिनाभर रोज आठ-नऊ तास ॲप चालू ठेवले तर अठरा-वीस हजार मिळतात, असे दोघींनी सांगितले. पूर्वी चार घरे करून त्यांना दहा-बारा हजार मिळत. पैसे दर आठवड्याला थेट बँक खात्यात येतात, आणि खाते त्यांच्या स्वतःच्या नावावर असते. एक ताई म्हणाल्या, “आधी पगार कुणी पाच तारखेला द्यायचं, कुणी दहाला, आणि कुणी म्हणायचं नंतर ये. आता मागावं लागत नाही.” या एका वाक्यासाठी मी या व्यवस्थेला पैकीच्या पैकी गुण देईन. ज्यांनी कधी स्वतःचा पगार मागायला दुसऱ्याच्या दारात उभे राहून पाहिले आहे, त्यांना त्याचे मोल कळेल.

परंतु घड्याळ दाराच्या आत सुरू होते आणि दाराच्या आतच थांबते. डिसेंबरमधल्या एका दुपारी मी औषधे आणायला खाली उतरले, तर बागेजवळच्या बाकावर कंपनीचा टी-शर्ट घातलेल्या पाच जणी बसलेल्या दिसल्या. त्यातल्या एक त्याच आठवड्यात आमच्याकडे येऊन गेल्या होत्या, म्हणून मी थांबले. डबा मांडीवर उघडा होता, उजव्या हातात चपातीचा घास आणि डाव्या हातात फोन. बुकिंग आले की थोड्या सेकंदांत होकार द्यावा लागतो, नाहीतर ते पुढच्या फोनवर जाते आणि नकारांची संख्या वाढली की इन्सेन्टिव्ह जातो, असे त्यांनी सांगितले. मी उभी असतानाच फोन वाजला. त्यांनी डब्याचे झाकण लावले, हात पाण्याच्या बाटलीने बाकाशेजारीच धुतला आणि समोरच्या रस्त्याला लागल्या. पुढचे घर वीस मिनिटे चालण्याच्या अंतरावर होते. त्या दिवशी सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत त्यांची तीन बुकिंगे झाली होती. सहा तास त्या घराबाहेर होत्या आणि हिशोबात तीन तास आले होते. आमच्या सोसायटीत येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी खाली स्वच्छतागृह आहे, पण त्याला कुलूप असते आणि किल्ली रखवालदाराकडे मागावी लागते. समोरच्या इमारतींत तेवढेही नाही.

हेच काम जुन्या पद्धतीने करणाऱ्या बाईंची चार घरे एकाच इमारतीत असतात, आणि आता माझ्या ध्यानात येते की बदली बाई शोधताना ज्यांनी मला तीच अट घातली होती, त्या आपला बिनपगारी वेळ वाचवत होत्या. ॲपने त्यांच्या कामाचा तास महाग केला आणि दोन तासांमधली वाट पाहणे फुकट केले. कंपनीच्या दृष्टीने बाकावर बसलेल्या त्या पाच जणी म्हणजे ग्राहकाला ‘वीस मिनिटांत’ हा शब्द देता यावा म्हणून ठेवलेला साठा आहे. ग्राहकाला मिळणारी तत्परता ही त्यांच्या थांबण्यातूनच तयार होते. मग त्या थांबण्याचे पैसे कुणीतरी द्यायला नकोत का? मी तासाला वीस रुपये जास्त द्यायला आनंदाने तयार आहे. पण ते थांबण्यासाठी म्हणून वेगळे दाखवले जावेत आणि ज्या थांबल्या त्यांना पोहोचावेत, एवढीच अपेक्षा आहे.

तक्रारीचा जो एकमेव मोठा प्रसंग घडला तोही सांगते. जानेवारीत ओटा पुसताना एका ताईंच्या हातून लोणच्याची चिनीमातीची बरणी पडून फुटली. बरणी माझ्या आईची होती, त्यामुळे मला वाईट वाटले हे खरे, पण तिची किंमत बाजारात दोनशे रुपयांची नसेल. ताईंच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. त्या तुकडे गोळा करता करता पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, “मॅडम, स्टार कमी देऊ नका. बरणी मी आणून देते.” त्यांचे रेटिंग पाचपैकी ४.६ होते आणि ते आणखी खाली गेले तर बुकिंगे कमी मिळतात, असे त्यांनी सांगितले. मी पाच तारे दिले. मात्र सुनेने, ताई घरी असतानाच, ॲपमध्ये वस्तू फुटल्याची नोंद केली होती. तिला वाटले की विमा असतो, तर नोंद असावी. दहा मिनिटांत आमच्या खात्यात २०० रुपये जमा झाले. हे पैसे कंपनीने दिले की ताईंच्या कमाईतून कापले, हे विचारण्यासाठी मी तीनदा लिहिले. प्रत्येक वेळी ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ या अर्थाचे उत्तर आले. ते २०० रुपये परत करायचा मार्ग ॲपमध्ये नाही. त्या ताईंचा नंबरही मिळत नाही, कारण फोन ॲपमधून फिरवून लागतो आणि काम संपले की तो दुवा बंद होतो. त्या पुन्हा आमच्याकडे आल्या नाहीत. चौदा वर्षांत मावशींच्या हातूनही बरेच काही फुटले. आम्ही कधी रागावलो, कधी हसलो, आणि विषय तिथेच संपला. तो विषय आपसांत संपवण्याची सोय या व्यवस्थेत कुणालाच ठेवलेली नाही, ग्राहकालाही नाही.

तारे देण्याबद्दल इथेच एक विनंती करावीशी वाटते. आपण तीन तारे देतो ते ‘ठीक होते’ या अर्थाने. तिकडे त्याचा अर्थ कमी बुकिंगे असा होतो. लादीवर डाग राहिला तर ताईंना तिथेच सांगावे. त्या लगेच पुन्हा पुसतात.

आता हा प्रश्न एका घरापुरता का नाही, ते सांगते. नीती आयोगाने जून २०२२मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०२०-२१ साली देशात असे ॲपवरचे आणि तात्पुरत्या कामाचे ७७ लाख कामगार असल्याचा अंदाज होता आणि २०२९-३०पर्यंत ते २.३५ कोटींवर जातील असे म्हटले होते. त्या वेळी ही संख्या वाचताना डोळ्यांसमोर दुचाकीवरचे मुलगे आणि टॅक्सीचालकच येत. घरकाम हे त्याहून फार मोठे आणि फार जुने क्षेत्र आहे. असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ऑगस्ट २०२१मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर शेतीखालोखाल नोंद आहे ती घरकाम करणाऱ्यांची, आणि त्यांत बहुसंख्य बायका. हे काम ॲपवर येऊ लागले आहे ते स्वस्त डेटा, यूपीआय आणि घराघरांत पोहोचलेला स्मार्टफोन यांच्या आधाराने. यूपीआय २०१६ साली आले. दहा वर्षांत ते इतके अंगवळणी पडले की एका ताईंच्या घरी पैसे किती आले हे त्यांची सातवीतली मुलगी वाचून दाखवते. कारखाने वाढतील आणि गावाकडून आलेल्यांना तिथे पगारी नोकऱ्या मिळतील, ही जुनी अपेक्षा होती. आमच्या दारात आलेल्या ताईंपैकी दोघी बारावी झालेल्या होत्या, एक भिवंडीच्या गोदामातले काम सोडून आली होती. त्यांना मिळालेली नवी नोकरी म्हणजे शहरातले सर्वांत जुने काम, फक्त ते देणारा मालक आता दिसत नाही.

कायद्यात तरी हा मालक सापडतो का? सामाजिक सुरक्षा संहिता संसदेने २०२० साली मंजूर केली आणि तिच्यासह चारही नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गिग कामगार’ (तात्पुरत्या कामाचे) आणि ‘प्लॅटफॉर्म कामगार’ (ॲपवरचे) यांची व्याख्या पहिल्यांदा आली, आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के, परंतु कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत, कल्याण निधीला द्यावेत अशी तरतूद आहे. राजस्थानने २०२३ साली देशातला पहिला असा राज्य कायदा केला आणि कर्नाटकने २०२५ साली प्रत्येक व्यवहारातून कल्याण शुल्क घेण्याची पद्धत आणली. ही सुरुवात मोलाची आहे. मात्र यांतल्या कुठल्याही व्याख्येने ताई ‘कर्मचारी’ होत नाहीत, त्यामुळे भरपगारी रजा, जादा कामाचा मोबदला, ग्रॅच्युइटी हे सारे दूरच राहते. दुसरीकडे महाराष्ट्राचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालचा आहे आणि तो ठरावीक घरी काम करणाऱ्या बाईंना डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. रोज नव्या चार दारांत जाणाऱ्या बाईंनी मंडळाच्या नोंदणीसाठी कोणत्या घराचा दाखला द्यायचा?

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच राज्यात एकदा सापडलेले आहे, आणि त्याची आठवण मला या सात महिन्यांत वारंवार झाली. माझे वडील पुण्याच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशोबनीस होते. तिथला हमाल दिवसभरात दहा व्यापाऱ्यांची पोती उचलत असे. त्याचा मालक नेमका कोण, हा प्रश्न तिथेही होताच. १९६९ सालच्या माथाडी कायद्याने त्यावर सोपा मार्ग काढला: हमालांची आणि व्यापाऱ्यांची नोंद एका मंडळाकडे करायची, प्रत्येक व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के जादा रक्कम, म्हणजे लेव्ही, मंडळात भरायची, आणि त्या लेव्हीतून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, बोनस द्यायचा. मालक दहा असले तरी हक्क एकाच वहीत जमा होत. वडील महिनाअखेरीस लेव्हीचा हिशोब लावून चेक लिहीत, ते मी पाहिलेले आहे. कार्बन पेपर आणि खतावणीच्या जोरावर जे त्या काळी जमले, ते ज्या ॲपला कोणत्या ताई किती वाजून किती मिनिटांनी कोणत्या दारात होत्या हे माहीत असते, त्या ॲपला जमणार नाही असे कोण म्हणेल? प्रत्येक बुकिंगची नोंद आधीच झालेली आहे. त्या नोंदीला लेव्हीचा एक रकाना जोडायचा आहे.

मावशींच्या बाबतीत रजा आणि बोनस हे हक्क आमच्या दोघींतल्या मायेतून आले, असे मला वर्षानुवर्षे वाटत असे. ते तितकेसे खरे नाही. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ आणि रजा या मागण्या तेव्हा रस्त्यावर येऊन मांडल्या गेल्या. आज दिवाळीला एक महिन्याचा पगार जादा देणे आपल्याला रीत वाटते, तिच्यामागे अशा लढ्यांचाही वाटा आहे. गेल्या दिवाळीत ॲपवरून आलेल्या ताईंना मी फराळाचा डबा आणि पाकीट दिले, तेव्हा त्यांनी संकोचून विचारले की हे ॲपमध्ये लिहावे लागेल का. महिन्याचा बोनस त्यांना कुणी द्यायचा? आम्ही त्या महिन्यात त्यांच्याकडून दोनच तास घेतले होते. अशा दोन-दोन तासांच्या अनेक घरांनी मिळून त्यांचा महिना भरला होता आणि त्यांतल्या कुठल्याच घराला त्यांचा बोनस लागू होत नव्हता.

एवढे असूनही ही सेवा मी वापरत राहणार आहे आणि इतरांनी ती वापरू नये असे मी म्हणणार नाही. म्हाताऱ्या माणसांच्या घरी, बाळंतिणीच्या घरी, बाई अचानक गावी गेली असेल तेव्हा, किंवा घर बदलताना ही मोठी सोय आहे. ग्राहक म्हणून मी पाचपैकी चार गुण देईन. ज्यांना रोजचे काम हवे आहे आणि घराजवळ काम शोधणाऱ्या बाई आहेत, त्यांनी मात्र आधी त्यांना विचारावे, आणि दर ठरवताना तासाचा हिशोब समोर ठेवावा. ॲपने लावून दिलेली ही सवय ॲपबाहेरही उपयोगी पडते. बुकिंग दुपारी एक ते दोनमध्ये शक्यतो करू नये, ती जेवायची वेळ असते. ताई आल्यावर आधी पाणी द्यावे आणि न्हाणीघर कुठे आहे ते आपणहून दाखवावे, कारण बहुतेक जणी विचारत नाहीत.

मावशींचा फोन मागच्या आठवड्यात आला. गुडघा आता बरा आहे, पण खाली बसून लादी पुसता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. लेकीने त्यांना ॲपबद्दल सांगितले होते, म्हणून त्यांनी विचारले, “वहिनी, तिथं माझं नाव लागेल का हो?” मी सुनेला अर्ज उघडायला सांगितला. वयाच्या रकान्यात पंचेचाळीसच्या पुढचा आकडा घेतलाच जात नव्हता; मावशी छप्पन्न वर्षांच्या आहेत. मग मला आठवले की घरेलू कामगार मंडळाकडे साठ वर्षांपर्यंत नोंदणी होते आणि पंचावन्न वर्षे पूर्ण केलेल्या नोंदित बाईंसाठी १०,००० रुपयांच्या सन्मानधनाची योजना आहे. चौदा वर्षांत मी मावशींना त्या नोंदणीबद्दल एकदाही विचारले नव्हते, याचे मला फार वाईट वाटले. अक्षय्य तृतीयेनंतर त्या परत येणार आहेत. पोळ्या, भाजी निवडणे आणि सासूबाईंजवळ बसणे एवढेच काम त्या करतील, रोज दोन तास, तासाला १५० रुपये, रविवारी सुट्टी आणि महिन्याला दोन भरपगारी रजा. लादी आठवड्यातून तीनदा ॲपवरच्या ताई पुसतील. मंडळाच्या अर्जासाठी लागणारा आमच्या घरचा दाखला मी काल लिहून ठेवला आहे, आणि त्यात कामाला लागल्याचे वर्ष घालायला मला जुन्या डायऱ्या काढून पाहाव्या लागल्या.